दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ कसा काढावा

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका, विशेषतः शहरं दूरची असतील तर. माद्रिद आणि न्यूयॉर्क दोन्ही साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. नकाशा पाहून विमान सरळ पश्चिमेला जाईल असं वाटतं, पण जवळची वाट उत्तरेकडे वळून जाते. गोलावर दोन बिंदूंना जोडणाऱ्या या सर्वांत छोट्या वाटेला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून बघा, लगेच पटतं.

आधी विमानतळ ठरवा. मोठ्या शहरांना दोन-तीन विमानतळ असतात, म्हणून शहराचं नाव पुरेसं नाही. मग दोन्हींचे अक्षांश-रेखांश घ्या आणि हे सूत्र वापरा: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार. बेरजेचा व्यस्त कोसाइन (म्हणजे ज्याचा कोसाइन या बेरजेइतका आहे तो कोन) अंशांत काढा आणि १११.२ ने गुणा, कारण पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. लंडनचं हीथ्रो (५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम) आणि न्यूयॉर्कचं केनेडी (४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम) घेतलं तर कोन साधारण ४९.८ अंश येतो, म्हणजे जवळपास ५,५४० किलोमीटर. आकडेमोड नको असेल तर गूगल मॅप्समधलं अंतर मोजण्याचं साधन वापरा, तेही हीच वाट धरतं. उत्तर नॉटिकल मैलांत मिळालं तर किलोमीटरसाठी १.८५२ ने गुणा.

आता वेळ. मोठं जेट विमान उंचीवर ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने उडतं. ५,५४० ला ८७० ने भागलं की ६ तास २० मिनिटं येतात. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं यासाठी अर्धा-पाऊण तास मिळवा. झाले सात तास.

पण हा वाऱ्याशिवायचा हिशेब आहे, आणि वारा मोठा फरक पाडतो. मध्य अक्षांशांवर, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, वाहतो. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ७७० होतो आणि लंडनहून न्यूयॉर्कला आठ तासांच्या आसपास लागतात. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून साडेसहा तासही पुरतात. हिवाळ्यात हा प्रवाह अधिक जोरात असतो. त्यामुळे जायचा आणि यायचा वेळ नेहमी वेगवेगळा धरावा.

वाटही दरवेळी सरळ मिळत नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश अनेक युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियोचा सुमारे साडेनऊ तासांचा प्रवास १३ तासांवर गेला. अंतराच्या सूत्राला हे कळत नाही, वेळापत्रकाला कळतं. म्हणून शेवटी वेळापत्रकाशी ताडून बघाच.

तिथे एक काळजी घ्या: तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. लंडनहून दुपारी १२ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी ३ ला पोहोचणं म्हणजे तीन तास नव्हे, मधल्या पाच तासांच्या फरकासह आठ तास. उलट दिशेने रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला उतरलात, तर १२ मधून ५ वजा, म्हणजे सात तास. उन्हाळी वेळ (उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करणं) सुरू होण्याच्या तारखा देशोदेशी वेगळ्या असतात. मार्चमध्ये काही आठवडे या दोन शहरांत चारच तासांचा फरक उरतो, तेव्हा प्रवासाच्या तारखेचा फरक तपासूनच वजाबाकी करा.