जुनी कॅम्पर व्हॅन घेताना अश्वशक्ती अशी तपासा

जर्मनीत जुनी फोक्सवॅगन टी४ कॅम्पर बघताना एकाच गाडीचे कोणी ७५ सांगतो, कोणी १०२. दोन्ही खरे असतात: ७५ किलोवॅट म्हणजेच १०२ पीएस (जर्मनीत अश्वशक्तीला पीएस म्हणतात).

१. आकड्यापुढचे एकक आधी विचारा. किलोवॅटला १.३६ ने गुणले की पीएस मिळतात.

२. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, नोंदणीपत्रातला पी.२ रकाना बघा. तिथे शक्ती किलोवॅटमध्येच असते. मागच्या दारावरचे ‘टीडीआय’ (टर्बो डिझेल इंजिनाची खूण) पुरेसे नाही. टी४ चे २.५ लिटरचे टीडीआय इंजिन ६५, ७५ आणि १११ किलोवॅट अशा तिन्ही प्रकारांत आले.

३. टॉर्कही, म्हणजे इंजिनाची चाके फिरवणारी ओढही, विचाराच. पलंग, फ्रिज, पाण्याची टाकी भरलेली गाडी आल्प्सचा घाट चढते ती टॉर्कवर. १.९ लिटरच्या टर्बो डिझेल (टीडी) इंजिनाची ५० किलोवॅटची गाडी सपाटीवर छान चालते, पण चढावर जीव काढते. डोंगरात फिरायचे असेल तर माझे मत सरळ ७५ किलोवॅटला.

सावधान: विक्रेता कागदापेक्षा जास्त शक्ती सांगत असेल, तर चिप ट्यूनिंग, म्हणजे इंजिनाच्या संगणकात बदल करून शक्ती वाढवणे, झालेले असू शकते. त्याची अधिकृत नोंद नसेल तर गाडीचा रस्त्यावरचा परवाना आणि विमा दोन्ही अडचणीत येतात.