खवळलेल्या पाण्यासाठी सी-कयाक निवडताना

मी मँचेस्टरला राहते आणि सुट्टी मिळाली की वेल्समधल्या अँगलसी बेटावर कयाक घेऊन जाते. त्यामुळे इकडे नव्याने आलेली मराठी मंडळी हमखास विचारतात, "शिकायचंय, पण भीती वाटते. अजिबात न हलणारी बोट कुठली?" अशा बोटी आहेत. तारकर्लीला कर्ली नदीत पर्यटकांना देतात त्या वर बसायच्या रुंद प्लास्टिकच्या कयाक घ्या, त्यांत उभं राहून फोटोही काढता येतो. पण लाटांत जायचं असेल तर आधी तळाचा आकार समजून घ्यावा लागतो.

रुंद, सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहतो. पाणी शांत असेपर्यंत हे सुखाचं. लाट बाजूने आली की पृष्ठभागच तिरका होतो. मग बोटही तेवढीच कलते आणि तुम्हाला सोबत घेऊन जाते. गोलसर किंवा किंचित 'व्ही' आकाराच्या तळाची अरुंद बोट किनाऱ्याजवळ डुगडुगते, पण लाट खालून जाताना ती कमरेखाली डोलते आणि तुमचं धड सरळ राहतं. शिवाय चांगली बोट एका कुशीवर कलवत नेली की एका टप्प्यावर ती टेकल्यासारखी थांबते. सरळ बसल्यावर बोट जितकी कमी डुगडुगते तितकी तिची प्राथमिक स्थिरता जास्त, आणि या टेकण्याला दुय्यम स्थिरता म्हणतात. माझ्या मते नवख्याने दुसरीला जास्त मार्क द्यावेत. डुगडुगीची सवय लवकर होते.

ब्रिटिश बोटींची घराणी पाहिली तर हा फरक चटकन कळतो. 1959 मध्ये केन टेलर नावाचा स्कॉटलंडचा विद्यार्थी ग्रीनलंडच्या इग्लोरसुइट गावातून एक कयाक घेऊन आला. 'अनास अक्युटा' ही बोट तिच्याच वंशातली. तिच्या तळाला धारदार कंगोरे आहेत. एका बाजूला कलवली की ती झकास वळते, पण आत जागा फार कमी. फ्रँक गुडमनची 'नॉर्डकॅप' लांब मोहिमांसाठी काढलेली. 1977 मध्ये ती केप हॉर्नला गेली. सामान भरलेलं असलं की ती नाकासमोर जाते, रिकामी असली तर नवख्याला नाचवते. 'रोमनी' सुमारे 4.9 मीटर लांब आणि 55 सेंटिमीटरच्या आत रुंद. तिची टोकं जराशी वर उचललेली आहेत, याला रॉकर म्हणतात. रॉकरमुळे ती लाटेच्या माथ्यावर पटकन वळते, आणि वेगात थोडी मागे पडते. 'डेल्फिन' तर सर्फिंगसाठीच जन्मलेली. पुढचा भाग फुगीर असल्याने लाटेवरून उतरताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यात खुपसत नाही. दिवसभर सरळ वल्हवायचं असेल तर मात्र ती कंटाळवाणी.

अँगलसीच्या पेन्रिन माउर इथे भरतीचा ओघ खडकांवरून वेगाने वाहतो. समोरून वारा आला की लाटा उभ्या, आखूड आणि अगदी जवळजवळ येतात. तिथे लांब, सरळ कण्याच्या बोटीचं पुढचं टोक एका लाटेत आणि मागचं दुसरीत अडकतं. पाठीमागून लाट आली की मागचं टोक उचललं जातं, नाळ रुतते आणि बोट आडवी फिरते. अशा ठिकाणी मला रोमनीसारखी बोट हवी. लांबी आणि वेग यांचं कौतुक दुकानदार पुष्कळ करतात, त्याची काळजी पहिल्या दोन मोसमांत करू नये.

आता खरी मेख. बहुतेक जुन्या बोटी ऐंशी किलोच्या पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या. आपल्यातली पन्नास-पंचावन्न किलोची बाई तीत बसली की बोट पाण्यात पुरेशी बुडतच नाही. वर राहिलेल्या बाजूंवर वारा आदळतो, मांड्या आधाराला पोचत नाहीत, आणि कलवायला गेलं तर बोट ऐकत नाही. मग बाई म्हणते, "मला जमत नाही." दोष मापाचा असतो! म्हणून 'एलव्ही' म्हणजे कमी घनफळाची आवृत्ती मागा. मिळाली नाही तर कमरेला आणि मांड्यांना फोमचे तुकडे चिकटवा, आणि पाण्याच्या बाटल्या तळाशी, बैठकीच्या अगदी मागे-पुढे ठेवा. टोकांत वजन भरू नका, ती लाटेवर चटकन उचलली गेली पाहिजेत.

वाऱ्याची परीक्षा वेगळी. चालती कयाक बहुधा वाऱ्याकडे तोंड वळवते, कारण नाळ पाण्याच्या दाबात घट्ट धरलेली असते आणि मागचं टोक खळबळलेल्या पाण्यात सैल असतं. मागे स्केग नावाचं लहान पातं असतं. ते पूर्ण खाली सोडलं की मागचं टोक पकड घेतं आणि बोट वाऱ्यासोबत जायला बघते, अर्धं सोडलं की साधारण सरळ राहते. सुकाणूवाल्या बोटी वाईट नाहीत, पण पायाने वळवायची सवय लागली की बोट कलवायला शिकणं मागे पडतं.

विकत घेण्याआधी उसनी किंवा भाड्याने घेऊन थोडा वारा असलेल्या दिवशी, अनुभवी माणूस सोबत ठेवून चालवा. स्केग वर ठेवून वाऱ्याला आडवं जा, मग वाऱ्यापासून दूर वळून बघा. उथळ पाण्यात मुद्दाम उलटा आणि परत चढा. पाठीमागचा डेक उंच असेल तर चढताना दम निघतो. बैठकीमागची भिंत जवळ असलेली बोट घ्या, नाळ उचलली की पाणी भराभर ओतलं जातं.

जुनी बोट घेत असाल तर स्केग चार-पाच वेळा वर-खाली करून पाहा. खडेवाल्या किनाऱ्यावरून निघताना खाचेत खडा अडकतो आणि पातं बाहेर येत नाही. पात्याच्या टोकाला लहान भोक असेल तर त्यात दोरीचा आखूड फास ओवून ठेवा, सोबतच्याला पाण्यातच तो ओढून पातं मोकळं करता येतं.