भंगारातून माल काढायला निघालात? आधी या चुका टाळा

दसरा-दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्या आर्वीकडच्या खेड्यांत माळ्यावरचं जुनं सामान भंगारात निघतं. कुठं वाडा पडतो, कुठं आजीची पेटी रिकामी होते. भंगारातून जुनी नाणी-भांडी हेरून घेणाऱ्यांचा हाच खरा हंगाम. अन् याच हंगामात नवशिके पैसे बुडवतात, दरवर्षी त्याच चुका करून.

मला सगळ्यात चीड येते ती घासण्याची. वस्तू घरी आली रे आली की चिंच, लिंबू, राख! बोलतोय मोठा, पण हे मीही केलंय. एकदा भंगारवाल्याच्या डब्यात गंजक्या खिळ्यांमध्ये राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया सापडला. सोनाराच्या काट्यावर साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर भरला, म्हणजे वजन बरोबर. आनंदाच्या भरात रात्री लिंबू-मीठ लावून ब्रशनं आरशासारखा चकचकीत केला. सकाळच्या एस्टीनं नागपूर गाठलं, इतवारीत जुनी नाणी घेणाऱ्या एका म्हाताऱ्यासमोर ठेवला. त्यानं भिंग लावलं, राणीच्या गालावरचे ओरखडे पाहिले अन् म्हणाला, "काहून घासलं भाऊ? आता चांदीच्या भावात देऊन टाका." नाण्यावरचा काळपट थर म्हणजे घाण नव्हे. शौकीन त्या थराचेच पैसे देतो. आता मी नाणं साध्या पाण्यातून काढतो, मऊ कापडावर टिपतो, बस. पितळेचंही तेच. रात्रभर चिंचेत बुडवलेला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, सकाळी लालसर होऊन निघतो.

प्रत्येक जुना रुपया चांदीचा नसतो. १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, अन् १९४७ चा तर निकेलचा. त्याला चुंबक चिकटतं, म्हणून तो खोटा ठरत नाही! भांड्यांसाठी मात्र चुंबक खिशात हवंच. पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड लगेच उघडं पडतं.

ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबाराचं नाणं लाखात विकतं म्हणे. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. फॉरवर्ड वाचून धावू नका.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे दुकानातच मोबाइल काढणारे. भंगारवाला भांडं किलोवर, मोडीच्या भावात देत असतो. हे पोरगं त्याच्यासमोर फोटो काढतं, वर दर वाचून दाखवतं! मागच्या साली माझ्यासोबत आलेल्या एका पोरानं काशाच्या थाळीचं असंच केलं. काट्यावर चढलेली थाळी मालकानं उचलली अन् गल्ल्यामागं ठेवून दिली. आजही ती तिथंच आहे, भाव पाचपट. अन् मोबाइलवर दिसते ती मागितलेली किंमत असते. तेवढी कोणाला मिळाली, ते तिथं लिहिलेलं नसतं. मी आधी एखादा अडकित्ता घेतो, चहा होतो, पाऊसपाणी, कापसाचा भाव निघतो. हवी ती वस्तू शेवटी उचलतो, तीही कंटाळल्यासारखी. एका चकरेत घबाड शोधणाऱ्यानं हा नाद सोडावा.

काशाचं भांडं वाजवून घ्या. खणखणीत नाद लांबला तर ठीक, भद्द वाजलं तर चीर आहे. भांड्यावर कोरलेलं नाव पॉलिशवाल्याकडून घासून काढू नका. कोणाच्या तरी लग्नातलं ते नाव असतं, अन् तेच मला सगळ्यात आवडतं. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ थेट प्लगात घालू नका, आतले कपॅसिटर वाळलेले असतात. एचएमटीच्या घड्याळाची डायल झगमगीत नवी दिसली तर ती बहुधा पुन्हा रंगवलेली. सागवानी चौकट घेताना खालचं टोक खिळ्यानं टोचून बघा, वाळवी तिथूनच चढते.

अन् नांगराला लागलेलं गाडगं किंवा मूर्ती कोणी गुपचूप दाखवली तर? जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धन कलेक्टरला कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीला १९७२ च्या कायद्यानं नोंदणी लागते. असं कोणी कानाशी येऊन बोलू लागलं की मी गाडीला किक मारतो.