ज्युनो-१०६ नागपुरात: कुठली खरखर ठेवायची, कुठली काढायची

रोलँड कंपनीचा ज्युनो-१०६ हा सिंथ (सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड) बाजारात आला १९८४ साली. आज जो हाती लागेल तो चाळीशी ओलांडलेला. अशा मशीनमध्ये आवाजाची गोडी आणि बिघाड एकमेकांत मिसळलेले असतात आणि नवखा माणूस हमखास उलटं करतो: कोरसची (आवाज डुलता करणाऱ्या परिणामाची) सळसळ ऐकून चांगलं मशीन नाकारतो, आणि एक व्हॉइस (एका वेळी एक सूर वाजवणारं सर्किट; यात अशी सहा) बिघडून गुरगुरत असेल तर त्याला ते ‘व्हिंटेज’ वाटतं.

जुन्या पॉलिफोनिक (एका वेळी अनेक सूर वाजवणाऱ्या) सिंथांत नागपूरकरांसाठी ज्युनोच का, तर हवेमुळे. प्रॉफेट-५ (१९७८) किंवा कॉर्ग पॉलिसिक्स (१९८१) यांत सूर थेट व्होल्टेजवर ठरतो. सर्किट तापलं की सूर सरकतो. मे महिन्यात दुपारी ४५ अंश आणि संध्याकाळी कूलरसमोरची खोली, एवढ्या फरकात त्यांना सुरात ठेवणं म्हणजे डोक्याला ताप. पॉलिसिक्स घ्यायचाच असेल तर झाकण उघडून मेमरीची निकेल-कॅडमियम बॅटरी आधी बघा. ती गळते आणि खालच्या बोर्डाचे ट्रॅक खाऊन टाकते. ज्युनोत डीसीओ (डिजिटल नियंत्रणावर चालणारा ऑसिलेटर, म्हणजे सुराची लहर बनवणारा भाग) आहे. लहर ॲनालॉगच तयार होते, पण तिची गती डिजिटल क्लॉकवरून ठरते, म्हणून सूर हलत नाही. फिल्टर (आवाजाची धार कमीजास्त करणारा भाग) मात्र पूर्ण ॲनालॉग, आणि सहा व्हॉइसचे सहा वेगळे. सूर पक्का आणि रंग सहा जणांचा जरा जरा वेगळा, हीच या मशीनची गोडी. सहाही फिल्टर काटेकोर एकसारखे करून घेतले तर आवाज थोडा मुका वाटू लागतो.

दुसरी गोडी कोरसची. यात एमएन३००९ नावाच्या दोन चिप्स आहेत. प्रत्येकीत २५६ टप्प्यांतून सिग्नल पुढे ढकलला जातो, म्हणून तो किंचित उशिरा बाहेर पडतो, आणि हा उशीर डाव्या-उजव्या बाजूला उलट-सुलट कमीजास्त होत राहतो. दोन रीडच्या पेटीत एक रीड केसभर चढी ठेवली की सूर जसा डुलतो, तसाच हा परिणाम. कोरस १ संथ, कोरस २ जलद. दोन्हीत बारीक सळसळ येते, २ मध्ये जास्त. ती दोष नाही. सहा स्वर वाजत असताना ती ऐकूही येत नाही.

घ्यायच्या आधी

मशीन जपानमधून आलेलं असेल तर ते १०० व्होल्टचं असण्याची शक्यता मोठी. मागची पाटी वाचल्याशिवाय प्लग भिंतीत घालू नका. २३० व्होल्टला लावलं की फ्यूज तरी जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) २३० ते १०० व्होल्टचा वाइंडिंगवाला स्टेप-डाउन बनवून मिळतो. पाटीवरच्या वॅटच्या तिप्पट क्षमतेचा घ्या, म्हणजे तो तापत नाही. प्रवासात वापरतात ते हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर यासाठी चालत नाहीत. त्यांची लहर स्वच्छ नसते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

विकणाऱ्याकडे हेडफोन घेऊन जा आणि मशीन थंड असतानाच चालू करायला सांगा. की ट्रान्सपोज बटण दाबून धरून पॉवर ऑन केला की मशीन टेस्ट मोडमध्ये जातं. मग पट्टी दाबली की कितव्या व्हॉइसने ती वाजवली तो आकडा डिस्प्लेवर दिसतो. मधल्या सप्तकातली एकच पट्टी सावकाश सहा-सात वेळा दाबा. आकडे १ ते ६ फिरतील. प्रत्येकाला थांबून ऐका: आवाजाचं माप सारखं आहे का, पट्टी सोडल्यावर पूर्ण बंद होतो का, मागे फुटाण्यासारखी तडतड आहे का. बिघडलेल्या व्हॉइसचा आकडा लिहून घ्या. मग मशीन अर्धा तास चालू राहू द्या आणि हेच परत करा. काही व्हॉइस थंड असताना शहाणे असतात आणि तापल्यावर तडतडू लागतात, म्हणून उन्हाळ्यात तपासणी दुपारी आणि कूलर बंद ठेवून केलेली बरी. विकणारा कुरकुरेल, कुरकुरू द्या.

फिल्टरची परीक्षा नेहमीच्या मोडमध्ये करा. मशीन बंद करून साधं चालू करा, पॉली १ (व्हॉइस वाटून देण्याचा नेहमीचा मोड) निवडा. सॉ आणि पल्स (लहरींचे दोन आकार) दोन्ही बंद, सब (खालच्या सप्तकाची लहर) आणि नॉइज शून्यावर, रेझोनन्स (फिल्टरची शिटीसारखी धार) १० वर, फ्रीक्वेन्सी (फिल्टर किती उघडा) मध्यावर, कीबोर्ड फॉलो (पट्टीप्रमाणे फिल्टर सरकणं) १० वर. आता फिल्टर स्वतःच शिटी वाजवेल. तीच पट्टी सहा वेळा दाबा. शिट्या एकमेकींपासून जराशा सरकलेल्या असतील तर हरकत नाही. एखादी चांगली दोन-तीन सुरांनी भलतीकडे गेली, किंवा वाजलीच नाही, तर त्या व्हॉइसचा ट्रिमर (बोर्डावरचा जुळवणीचा छोटा स्क्रू) तरी हललाय किंवा चिप तरी जातेय. ट्रिमर फिरवून जागेवर येत असेल तर काम स्वस्तातलं.

चिप आणि ॲसिटोन

ज्युनो-१०६ चा खरा दुखरा भाग म्हणजे ८००१७ए ही चिप. प्रत्येक व्हॉइसला एक, एकूण सहा. फिल्टर आणि व्हीसीए (आवाज लहानमोठा करणारा भाग) दोन्ही त्यातच. चिपवर काळपट राळेसारखा लेप आहे. वय वाढलं की हा लेप किंचित वीज वाहू देतो आणि आतल्या नाजूक जोडण्यांत गळती सुरू होते. पट्टी सोडल्यावरही व्हॉइस मागे घोंगावत राहतो, तडतडतो, कधी अचानक मोठा होतो. पण दोन शेजारचे व्हॉइस (१-२, ३-४ किंवा ५-६) एकदमच गेले असतील तर आधी एमसी५५३४ए वर संशय घ्या: ती लहर बनवणारी चिप आहे आणि एक चिप दोन व्हॉइस सांभाळते. ही ओळख पटली नाही तर चांगल्या ८००१७ए उगीच काढल्या जातात.

दुरुस्तीचे दोन मार्ग. नवी बदली चिप आणून बसवणं महाग, पण एकदाच करायचं काम. दुसरा, चिप काढून लेप ॲसिटोनमध्ये भिजवून उतरवणं: काचेची झाकणाची बरणी (प्लॅस्टिकची नको, काही प्लॅस्टिक विरघळतात), चिप पूर्ण बुडेल इतकं ॲसिटोन, एक ते दोन दिवस. लेप फुगून सुटतो. तो लाकडी काडीने हलकेच काढा, चिमट्याने किंवा ब्लेडने नाही, कारण खाली पृष्ठभागावर बसवलेले बारीक भाग आहेत. मग ताज्या ॲसिटोनने धुवून पूर्ण वाळू द्या. याने बऱ्याच चिप्स जिवंत होतात, सगळ्या नाही.

इथे नागपूरचा उन्हाळा आड येतो. ॲसिटोन ५६ अंशांनाच उकळतं आणि वाफ सहज पेट घेते. मे-जूनमध्ये हे काम खोलीत करूच नका. पहाटे, गच्चीवर सावलीत, आणि कूलरच्या मोटारीपासून, स्विचपासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब. बरणी उन्हात विसरायची नाही.

चिप काढताना जास्त मशीन मरतात, चिप बिघडून कमी. घाईत डीसोल्डर केलं की बोर्डावरचा पॅड (पाय जिथे सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका) चिपबरोबर उचकटून येतो. आधी प्रत्येक पायावर ताजा सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट वाहू देणारं द्रव्य) द्या, मग डीसोल्डर पंप किंवा विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) वापरा. एकेक पाय चिमट्याने हलवून सुटलाय याची खात्री झाली की मगच चिप वर ओढा. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा, एखादा पाय अजून चिकटलेला आहे. विक, फ्लक्स, आयसोप्रोपिल सगळं बर्डीवर मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. परत बसवताना सरळ सोल्डर न करता एका रांगेची सॉकेट पट्टी लावा; पुढची चिप गेली की सोल्डरिंग आयर्न तापवावा लागत नाही.

स्लायडर खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच छोटा फवारा आणि वीस-पंचवीस वेळा वरखाली. जास्त मारला तर आतलं ग्रीस धुऊन जातं आणि स्लायडर कोरडा, घासणारा होतो. एखादी पट्टी दाबूनही वाजत नसेल तर तिच्या खालचा रबरी कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल लावलेल्या मऊ कापडाने पुसा. सँडपेपर लावायचा नाही.

बॅटरी

१२८ आवाज जपून ठेवते ती बोर्डावर सोल्डर केलेली सीआर२०३२. बदलण्याआधी मेमरी बाहेर काढून ठेवा, नाहीतर सगळं पुसलं जाईल: मागच्या टेप सॉकेटमधून सेव्ह करा, कॉम्प्युटरवर साधी ऑडिओ फाइल म्हणून रेकॉर्ड करा आणि व्हेरिफाय बटणाने तीच परत वाजवून तपासा. एमपी३ करू नका, मशीनला ती परत वाचता येणार नाही. परत भरताना मागचा मेमरी प्रोटेक्ट स्विच ऑफ हवा. ‘लोड होत नाही’ या तक्रारीचं हे नेहमीचं कारण. नव्या सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवू नका, होल्डर बसवा.

एक पॅड (मागे धरून ठेवायचा लांब, मऊ आवाज) लावून बघा

कीबोर्डला वेग कळत नाही. जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. अरेंजर कीबोर्डची (ताल-साथ आपोआप वाजवणाऱ्याची) सवय असलेल्यांना हे पहिल्या दिवशी खटकतं. त्यामुळे डावा हात फिल्टरच्या स्लायडरवर ठेवायची सवय लावा. जीव तिथून येतो.

स्लायडर ० ते १० धरून: रेंज ८ फूट, सॉ आणि पल्स दोन्ही चालू, पीडब्ल्यूएम (पल्स लहरीची रुंदी हलवणं) एलएफओवर (संथ डुलणाऱ्या लहरीवर) आणि खोली ५, एलएफओचा वेग ३, सब ३. एचपीएफ (खर्ज कापणारा फिल्टर) १ वर ठेवा. ० वर तो खर्ज वाढवतो, गाण्याच्या साथीत ते बास गिटारच्या अंगावर जातं. फिल्टर फ्रीक्वेन्सी ४, रेझोनन्स १, एन्व्हलप (पट्टी दाबल्यावर फिल्टर किती हलतो) ३, कीबोर्ड फॉलो ५. अटॅक ४, डिके ५, सस्टेन ७, रिलीज ५. कोरस आधी बंद ठेवून वाजवा: चार सुरांची कॉर्ड धरा आणि फ्रीक्वेन्सी ४ वरून ७ पर्यंत सावकाश न्या. सूर एकच, पण चारही फिल्टर एका क्षणी उघडत नाहीत, ते इथे कानाला कळतं. मग कोरस १ दाबा. भजनाच्या किंवा भीमगीताच्या मागे हा आवाज पुरेसा आहे. त्यात आणखी रिव्हर्ब ओतला की शब्द बुडतात.

जाड बास हवा म्हणून पॉली १ आणि पॉली २ एकत्र दाबून युनिसन (सहाही व्हॉइस एकाच सुरावर) लावतात. सहाही व्हॉइस एकाच क्लॉकवर चालतात, त्यामुळे इतर सिंथांसारखं डुलणं मिळत नाही, नुसता आवाज मोठा होतो. त्यापेक्षा १६ फूट, सब १०, कोरस बंद.

गायक ‘काळी एक’ म्हणाला की की ट्रान्सपोज धरून हवी ती पट्टी दाबा. पेटी थोडी चढी-उतरी असेल तर मागच्या ट्यून नॉबने जुळवा.

रोजची काळजी

कूलरच्या थेट झोतात मशीन ठेवू नका. ओली हवा पट्ट्यांखालच्या कॉन्टॅक्टवर बसते आणि तिच्यासोबत धूळ चिकटते. कूलर आणि सिंथ एकाच बोर्डवर असतील तर मोटार सुरू-बंद होताना स्पीकरमध्ये टिचकी येते. लाइन वेगळी घ्या आणि अर्थिंग खरंच आहे का हे टेस्टरने तपासा, जुन्या घरांत तिसरी पिन बऱ्याचदा नुसती शोभेची असते. झाकायला सुती कापड, प्लॅस्टिक नको. पावसाळ्यात त्याच्या आत दमट हवा कोंडते. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा. मंडपात जनरेटरवर वाजवायचं असेल तर मध्ये स्टॅबिलायझर हवाच, आणि साउंडवाल्याकडून दोन चॅनेल मागून घ्या: एकाच मोनो तारेवर कोरसची अर्धी मजा जाते.