जुनं प्रिंट पुठ्ठ्याला चिकटलंय? आधी हे वाचा, मग हात लावा

माझ्याकडचं प्रिंट परळच्या गव्हर्नमेंट हाऊसचं आहे. म्हणजे 1899 पासून हाफकिन इन्स्टिट्यूटवाले जिथे आहेत तोच बंगला, पूर्वी गव्हर्नरसाहेब तिथे राहायचे. 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला तो तिथेच उतरला होता आणि त्या सुमारास विलायती सचित्र साप्ताहिकं मुंबईची चित्रं धडाधड छापत होती, त्यातलंच हे एक पान. बंगला, कमानींचा व्हरांडा, पुढे बाग, कडेला माड. आणि मागे कुणीतरी गच्च चिकटवलेला तपकिरी पुठ्ठा.

फ्रेम उघडणं, खिळे काढणं हे येतंच सगळ्यांना. फक्त काचच चित्राला चिकटली असेल तर तिथेच थांबा आणि कॉन्झर्वेटरकडे, म्हणजे जुनी चित्रं-कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या, ते घरी करायचं काम नाही.

आता पुठ्ठा. गरम पाण्यात बुडवा, इस्त्री फिरवा, ड्रायर मारा असे सल्ले मिळतील, एकही ऐकू नका. छपाईची काळी शाई तेलकट असते, ती पाण्याला दाद देत नाही, पण रंगीत प्रिंटमधला रंग बहुतेक वेळा नंतर कुणीतरी ब्रशने भरलेला वॉटरकलर असतो, तो बुडवलात की बागेतला हिरवा थेट आकाशात.

मी पहिल्यांदा काय केलं, तर कोपरा धरून चित्र ओढलं. निघालं की छान, असं म्हणेपर्यंत डावीकडच्या माडाचा शेंडा आणि व्हरांड्याच्या दोन कमानी पुठ्ठ्यावरच राहिल्या. तेव्हा डोक्यात घुसलं की चित्र पुठ्ठ्यावरून काढायचंच नाही, पुठ्ठा चित्रावरून काढायचा. प्रिंट स्वच्छ टीपकागदावर पालथं, एकदम सपाट, ते जराही वाकता कामा नये, वाकायचं ते पुठ्ठ्याने.

पुठ्ठा म्हणजे कागदाचे थरच असतात. कोपऱ्यात लोणी लावायची बोथट सुरी आडवी सरकवून एक थर सुटा करा, आणि तो वर उचलू नका, मागे दुमडून जवळजवळ जमिनीला समांतर ओढा, तिरका, कोपऱ्याकडून मध्याकडे. अडला की सोडा, दुसऱ्या कोपऱ्यातून या. मला तीन संध्याकाळी लागल्या. घाई असेल तर हे काम घेऊच नका.

साप्ताहिकाच्या पानाचा फायदा असा की मागे बऱ्याचदा बातम्या छापलेल्या असतात. तपकिरी थरातून अक्षरं डोकावायला लागली की सुरी खाली ठेवायची, गाव आलं. मग बोटांनी जेवढं सुटेल तेवढंच. उरलेला गोंद राहू द्या. मागून कोण बघतंय! पांढरा सिंथेटिक गोंद असेल तर तो पाण्याने तसाही सुटत नाही, खरवडायला गेलात तर भोक पाडाल.

अजून एक, आकाशात बारीक सरळ पांढरी रेघ दिसली तर ती घडी नाही. मोठी चित्रं लाकडाचे छोटे ठोकळे बोल्टने जोडून छापायचे, त्याचा तो सांधा. एकाने मला ती रेघ पेन्सिलने भरून दाखवली होती, मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

नंतर टीपकागदात घालून रात्रभर वजनाखाली. मग अ‍ॅसिड-फ्री माउंट (म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट आणि मागचा बोर्ड), त्या बोर्डाला चित्र वरच्या कडेला दोनच ठिकाणी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगायचं, खाली मोकळं. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. काच चित्राला टेकता कामा नये, माउंट त्यासाठीच असतो. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे वारा खेळतो, नाहीतर ऑगस्टपर्यंत बुरशी आलीच.