मानेची सोनोग्राफी आणि घशाचा कॅन्सर: काय दिसतं, काय दिसत नाही

मानेत गाठ लागली किंवा आवाज बसला की सोनोग्राफी करून घ्यायची, रिपोर्ट 'नॉर्मल' आला की घरी जायचं आणि गोळ्या खात बसायचं, असं अनेकजण करतात. गाठीसाठी सोनोग्राफी ही खरंच उत्तम पहिली तपासणी आहे. बसलेल्या आवाजासाठी मात्र ती चुकीची जागा आहे.

ध्वनिलहरी हवेतून पुढं सरकत नाहीत, आणि घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका हे सगळे हवेचे मार्ग. त्यामुळं आतल्या अस्तरावरचा छोटा व्रण प्रोबला (कातडीवर फिरवतात त्या यंत्राला) दिसत नाही. वय वाढलेल्या पुरुषांत स्वरयंत्राच्या कूर्चेचं हाड होत जातं आणि ते लहरी अडवतं. बायकांत आणि तरुणांत स्वरतंतू हलताना तरी दिसतात. साठीच्या पुरुषात बऱ्याचदा तेही नाही. नाकामागचा घसा आणि घशाच्या मागच्या भिंतीलगतच्या गाठीही सोनोग्राफीच्या आवाक्याबाहेर राहतात. शिवाय कॅन्सरच्या पेशी मानेतल्या गाठींपर्यंत नेणाऱ्या लसिकावाहिन्या स्वरतंतूंजवळ फारच कमी असल्यानं तिथला कॅन्सर सुरुवातीला मानेत उतरत नाही. म्हणजे आवाज घोगरा, मान अगदी साफ आणि कॅन्सर आहे, असं होऊ शकतं.

म्हणून आवाज 3 आठवड्यांच्या पुढं बसलेला असेल, गिळताना अडकत असेल, थुंकीतून रक्त येत असेल किंवा कान ठीक असूनही एकाच बाजूचा कान दुखत असेल, तर आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडं दुर्बिणीतून तपासणी करा. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात हा विभाग आहे. नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून स्वरतंतूंपर्यंत पाहायला काही मिनिटं पुरतात. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी किंवा दारूची सवय असेल तर 3 आठवडेसुद्धा थांबू नका.

आता मानेतल्या गाठीबद्दल. चिठ्ठीवर नुसतं 'यूएसजी नेक' असलं, तर काही ठिकाणी थायरॉइड पाहून काम उरकतं. डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या: मानेच्या दोन्ही बाजू, लेव्हल 1 ते 6 (गाठींसाठी मानेचे पाडलेले भाग), कलर डॉपलरसह (गाठीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). गाठ किती दिवसांची, तोंडात किंवा घशात काय त्रास आहे, व्यसन काय, हेही त्यात यावं. उपाशी राहायला नको, पाणी पिऊन लघवी रोखायलाही नको. मंगळसूत्र, साज, चेन घरीच काढून ठेवा. दाट दाढी असेल तर कापून जा; केसांत हवा अडकते आणि चित्र काळवंडतं.

झोपवून खांद्याखाली उशी देतात, म्हणजे मान मागं जाऊन ताणली जाते. मणक्याचा त्रास असेल तर आधीच सांगा. प्रोब सपाट तोंडाचा, म्हणजे लिनिअर, साधारण 7 ते 15 मेगाहर्ट्झचा हवा. पोटाच्या गोलसर प्रोबनं मान पाहिली तर कातडीजवळच्या बारीक गाठी सुटतात. आधी हनुवटी आणि जबड्याखाली, मग जबड्याच्या कोनापासून मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेनं हासळीपर्यंत, मग मानेची मागची बाजू, शेवटी मधला भाग आणि थायरॉइड. प्रत्येक संशयित गाठ आडवी आणि उभी अशी दोनदा मोजावी लागते. दोन्ही बाजू नीट पाहायला 15-20 मिनिटं लागतात.

रिपोर्टमध्ये नुसता आकडा पाहून घाबरू नका, आकार पाहा. मानेत सगळ्यांनाच लसिकाग्रंथी, म्हणजे बारीक गाठी असतात. निरोगी गाठ घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते, मध्ये चरबीची पांढरी रेघ (हायलम) असते आणि रक्त तिथूनच आत शिरतं. लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा कमी, म्हणजे गाठ गोल, हायलम नाहीसा, कडा वेड्यावाकड्या, रक्तप्रवाह परिघाकडून, आत पाणी झालेला भाग, आखूड व्यास 10 मिलिमीटरच्या पुढं: यातली दोन-तीन लक्षणं एकत्र आली की संशय खरा. जबड्याच्या कोनाजवळची गाठ एरवीही थोडी मोठी असते. दाढ किडली तरी तिथं अवधाण येतं.

कॅन्सरची गाठ असेल तर तिच्या जागेवरून मूळ कुठं शोधायचं तेही कळतं. जबड्याखालची गाठ तोंडाकडं बोट दाखवते. वरच्या-मधल्या मानेतली टॉन्सिल, जिभेचं मूळ, स्वरयंत्राकडं. मानेच्या मागच्या वरच्या भागातली नाकामागच्या घशाकडं. डाव्या हासळीवरची असेल तर छाती आणि पोटही तपासावं लागतं.

आपल्याकडं टीबीची गाठ हुबेहूब अशीच दिसू शकते: एकमेकींना चिकटलेल्या, आत पाणी झालेल्या. सोनोग्राफीवरून दोन्हींत फरक करण्याचा हट्ट धरू नये. सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, करावी आणि टीबीचा संशय असेल तर त्याच नमुन्यातून सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) मागावी. निदान होण्याआधी 'बघू तरी' म्हणून स्टेरॉइड घेऊ नका. लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची) गाठ त्यानं तात्पुरती विरघळते आणि निदान चुकतं. अँटिबायोटिकचा एक कोर्स ठीक. दोन आठवड्यांत गाठ बसली नाही तर दुसरा कोर्स नको, सुई हवी.

सुई 23 ते 25 गेजची, इंजेक्शनपेक्षा जाड नाही. सोनोग्राफीत पाहत घातली तर गाठीच्या घट्ट भागातून पेशी येतात. नुसत्या पाण्यात सुई गेली तर रिपोर्ट 'अपुरा नमुना' येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. सुई लावल्यानं कॅन्सर पसरतो ही भीती बिनबुडाची. उलट, घशाची तपासणी न करता आणि सुई न लावता थेट गाठ कापून काढणं हेच घातक: पुढच्या शस्त्रक्रियेची जागा बिघडते आणि मूळ मात्र आतच राहतं.

सुईत कॅन्सरच्या पेशी सापडल्या तरी मूळ जागेचा तुकडा तपासावा लागतो. पसारा मोजण्यासाठी सीटी किंवा एमआरआय लागतो. सीटीला रंगद्रव्य देतात, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट बरोबर ठेवा. गडहिंग्लज, चंदगडहून येणाऱ्यांनी रेशनकार्ड, आधार, सोनोग्राफीच्या फिल्म आणि एफएनएसीच्या काचा पहिल्याच खेपेला आणाव्यात. काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात, नुसत्या कागदी रिपोर्टचा तिथं उपयोग नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेतल्या पाण्याच्या गाठीला 'साधी सिस्ट' म्हटलं असेल आणि सुईचा रिपोर्ट स्वच्छ आला असेल, तरी टॉन्सिल आणि जिभेचं मूळ दुर्बिणीतून पाहून सुई पुन्हा लावायला सांगा.