मुलाखतीला जाताना उद्यमबाग सोबत न्या

मुलाखतीची तयारी म्हटलं की आपल्याकडची पोरं सगळ्यात आधी 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर पाठ करतात. सीनियरच्या वहीत, क्लासच्या झेरॉक्समध्ये, यूट्यूबवर, सगळीकडं तेच उत्तर फिरत असतं. मी मेहनती आहे, टीममध्ये काम करायला आवडतं, माझी कमजोरी म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे. चाकणला क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये काही वर्षं काढून मी बेळगावात परत आलो आणि आता फ्रेशर पोरांच्या मुलाखतीला टेबलाच्या या बाजूला बसतो. ही वाक्यं इतक्या तोंडून ऐकलीत की समोरचा अडखळला तर पुढचा शब्द मीच पुरवतो. त्यानं कुणाचं वजन पडत नाही. स्वतःच्या प्रोजेक्टचं स्केच कागदावर काढून 'हे इथं असं का' हे ज्याला सांगता येतं, त्याचं पडतं.

मी मेकॅनिकलचा, त्यामुळं उदाहरणं तिकडचीच येतील. सिव्हिल, इलेक्ट्रिकलवाल्यांनी आपापली बसवून घ्यावीत. कॉम्प्युटरवाल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांची पहिली चाळणी ऑनलाइन टेस्टची, तिथं अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगचा रोजचा सराव सोडून दुसरा उपाय नाही.

आपल्या पट्ट्यातल्या पोरांकडं एक भांडवल आहे आणि ते तसंच पडून राहतं. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक भागांत फौंड्री (लोखंड ओतून भाग बनवणारे कारखाने) आहेत, मशीनशॉप आहेत, क्रँकशाफ्ट घासणारे आहेत, हायड्रॉलिक्सवाले आहेत. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारं सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे. निपाणी ओलांडली की कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली. जिल्ह्यात साखर कारखाने तर जागोजागी. इतकं सगळं असताना उद्यमबागेतल्या कॉलेजात चार वर्षं फौंड्रीच्या गेटावरून गाडी घालणाऱ्या मुलाला 'ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नमध्ये फरक काय?' विचारलं की तो छताकडं बघतो. हे मला खरंच कळत नाही.

दोन्ही ओतीव लोखंडाचेच प्रकार, आणि फरक पुस्तकात आहेच. ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं असतं, एसजीमध्ये मॅग्नेशियमची ट्रीटमेंट देऊन ते गोळ्यांच्या रूपात आणतात. पापुद्र्यांच्या टोकाशी स्ट्रेस साठतो म्हणून ग्रे आयर्न ओढलं तर लवकर तुटतं, पण कंपनं छान जिरवतं, म्हणून मशीनचा बेड त्याचा. एसजी ताण सोसतं, म्हणून क्रँकशाफ्ट त्याचा चालतो. हे चार ओळींत सांगता आलं की पुढचा प्रश्न येतो तो डिफेक्टचा. ब्लो होल (आत राहिलेली पोकळी) कशानं, श्रिंकेज (धातू आकसून पडलेला खड्डा) कशानं, कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह नीट न जुळल्याची रेघ) कशानं? इथं पाठांतर उघडं पडतं. ज्यानं मोल्डिंग शॉपमध्ये उभं राहून ओली वाळू हातात दाबून बघितलीय, तो ओलावा जास्त झाला की गॅस होतो आणि आत अडकतो हे आपोआप बोलतो. श्रिंकेज म्हटलं की तो रायझरकडं (आकसताना जादा धातू पुरवणाऱ्या साठ्याकडं) वळतो, कोल्ड शट म्हटलं की ओतण्याच्या तापमानाकडं. पुस्तक वाचलेला मुलगा तीन कारणं सांगतो आणि चौथं विसरल्याबद्दल सॉरी म्हणतो.

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची आहे. ती कशी होते हे आपल्याला ठाऊक आहे. ओळखीच्या कारखान्याचं लेटरहेड, शिक्का, सही, रिपोर्ट मागच्या बॅचचा. मुलाखतीत त्या रिपोर्टवर दोन प्रश्न विचारले की सगळं कळतं. 'तिथं किती टनाची फर्नेस होती? शिफ्टला किती हीट (वितळवलेल्या धातूच्या खेपा) निघायच्या? रिजेक्शन कुठल्या कारणानं जास्त होतं?' माझं मत विचाराल तर मोठ्या कंपनीच्या नावाच्या मागं लागू नका. वीस-पंचवीस माणसांच्या मशीनशॉपमध्ये मालक स्वतः व्हीएमसीसमोर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनसमोर) उभा असतो, आणि चहाच्या वेळी विचारलं तर टूल का तुटला हेही सांगतो. मोठ्या प्लांटमध्ये तुम्हाला पिवळ्या पट्टीच्या आत चालायला सांगतात आणि दुपारी कँटीन दाखवतात.

मोजमापं आणि ड्रॉइंग, यावर मी सगळ्यात जास्त प्रश्न विचारतो, आणि चाकणलाही तेच विचारायचे. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02 मिमी, साध्या मायक्रोमीटरचा 0.01, हे सगळे सांगतात. मग मी 25 मिमीचं भोक आणि त्यात बसणारा शाफ्ट काढून त्यावर एच7/जी6 (भोक आणि शाफ्टच्या मापात किती फरक चालतो त्याच्या खुणा) लिहितो आणि विचारतो, 'हा फिट कसला? फट किती?' 25 मिमीला एच7 म्हणजे भोक शून्य ते अधिक 21 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग). जी6 म्हणजे शाफ्ट उणे 7 ते उणे 20. म्हणजे कमीत कमी फट 7 आणि जास्तीत जास्त 41 मायक्रॉन, म्हणजे फट नेहमी राहणारा क्लिअरन्स फिट. आकडे पाठ नसले तरी चालतं, तक्ता मी देतो. तक्ता हातात आल्यावर वजाबाकी कुठली करायची हे कळायला हवं. ते झालं की मी विचारतो, हे व्हर्नियरनं तपासशील का? इथं हुशार पोरगा हसतो. 0.02 मिमी म्हणजे 20 मायक्रॉन, आणि त्या शाफ्टची अख्खी टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) 13.

हायड्रॉलिक्सच्या कंपनीत जाणार असाल तर एक हिशेब हातानं करून जा. 50 मिमी बोअरचा सिलिंडर, दाब 100 बार, तर जोर किती? 100 बार म्हणजे चौरस मिलिमीटरला 10 न्यूटन. पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण 1,963 चौरस मिमी. जोर 19,600 न्यूटनच्या आसपास, म्हणजे दोन टन. इथवर निम्मी पोरं येतात. मग प्रश्न येतो, रॉड 28 मिमीचा असेल तर परत येताना किती? रॉडचं क्षेत्रफळ वजा करायचं आणि उत्तर येतं 13,500 न्यूटनच्या जवळ. 'परत येताना जोर कमी, पण वेग जास्त' हे कुणी न विचारता सांगितलं तर ती मुलाखत तिथंच निम्मी झाली असं समजा. साखर कारखान्यात जाणाऱ्यानं रँकिन सायकल (वाफेवर वीज बनवण्याचं चक्र) पुस्तकातल्या बॉयलरवर सांगू नये. गावाजवळच्या को-जनवर (कारखान्याच्या वीज प्रकल्पावर) सांगावी. बगॅसमध्ये (उसाच्या चिपाडात) जवळपास निम्मं पाणी असतं, त्याचा बॉयलरवर काय परिणाम होतो, हंगाम संपल्यावर मेंटेनन्सचं काय चालतं, एवढं विचारून घेतलं तरी चीफ इंजिनिअर खुर्चीत पुढं सरकून बसतो.

आता इंग्रजीचं. मराठी शाळेतून आलेल्या पोरांना हीच धास्ती असते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीत (अकरावी-बारावीत) अचानक सगळं इंग्रजी, आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत लिहिणं जमलं तरी बोलायची वेळ येत नाही. गेल्या खेपेला खानापूर तालुक्यातला एक मुलगा माझ्यासमोर घामाघूम झाला होता. शेवटी म्हणाला, "सर, मराठीत सांगू काय?"

म्हटलं, "सांग की. पण कागदावर काढून सांग."

त्यानं गेटिंग सिस्टीम (साच्यात धातू जायची वाट) काढली, स्प्रू (धातू ओतायची उभी नळी) वर रुंद आणि खाली निमुळता का ते सांगितलं आणि रनरमध्ये (आडव्या वाटेत) फिल्टर कुठं बसवला होता त्यावर बोट ठेवलं. आम्ही त्याला घेतलं. पण लगेच हुरळून जाऊ नका. उद्यमबागेत हे चाललं, चाकणलाही शॉपवरचा माणूस असेल तर चालून जाईल, बेंगळुरूला नाही चालणार. म्हणून इंग्रजी हवंच, मात्र ते स्वतःचं. आपल्या प्रोजेक्टबद्दल, आपल्या इंटर्नशिपबद्दल, एका आवडीच्या विषयाबद्दल छोटी छोटी वाक्यं स्वतः लिहा आणि मोठ्यानं बोला. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला लाज वाटते, ती दोन दिवसांत जाते. मधेच शब्द आठवला नाही तर पेन उचला. ड्रॉइंग ही इंजिनिअरची भाषा आहे आणि तिला व्याकरणाच्या चुका माफ असतात.

भाषेचाच दुसरा भाग. पुण्यात तुम्हाला विचारणार, 'कर्नाटकचा ना, मग मराठी एवढं चांगलं कसं?' बेंगळुरूत नाव वाचून विचारणार, 'कन्नड बरत्ता?' (कन्नड येतं का?) दोन्हीकडं शांत राहा. पुण्यात सांगा, घरी मराठीच, शाळाही मराठी. बेंगळुरूत 'स्वल्प बरत्ते सर' (थोडं येतं सर) म्हणा आणि खरोखर स्वल्प तरी येऊ द्या. शाळेत कन्नड झालेलंच असतं, बसमध्ये आणि बाजारात कानावर पडतंच. ते वापरा. शॉप फ्लोअरवर ऑपरेटरशी त्याच्या भाषेत बोलणारा सुपरवायझर कुठल्याही मालकाला हवा असतो, आणि मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत काम भागवणारी पोरं आपल्या भागात घरोघरी आहेत. बायोडेटात भाषा शेवटच्या ओळीत कोंबण्यापेक्षा जरा वर घ्या. सीमाप्रश्नावर कुणी खडा टाकून पाहिलाच, तर हसून 'मी दोन्हीकडं काम करायला तयार आहे' म्हणा आणि विषय संपवा. आपली मतं गावात पारावर मांडायला आयुष्य पडलंय.

कागदपत्रं कंटाळवाणी वाटतात, पण त्यात माणसं अडकतात. महाराष्ट्रातल्या एचआरला एसएसएलसीचे (कर्नाटकातल्या दहावीचे) 625 पैकी गुण बघायची सवय नसते, तिकडं सगळा हिशेब 500 किंवा 600चा. टक्के स्वतः काढून ठेवा. सीजीपीएचं आणखी घोळाचं. व्हीटीयूच्या 2015च्या स्कीमला (त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाला) सीजीपीएतून 0.75 वजा करून 10 नं गुणायचं होतं, म्हणजे 7.25चे 65 टक्के. सरळ 10 नं गुणलं तर 72.5 होतात. फॉर्मवर 70ची अट असेल तर हा फरक नोकरीचाच फरक. आपल्या स्कीमला कुठलं सूत्र लागू आहे ते विद्यापीठाच्या परिपत्रकात बघा आणि त्याची प्रत फाइलला लावा. चुकीचे टक्के लिहिले तर पुढं पडताळणीत ते खोटं बोलणं ठरतं, भले तुमच्या मनात तसं काही नसो. नावाचंही तेच. आपल्याकडं शाळेच्या गुणपत्रिकेवर नावापुढं नुसती आद्याक्षरं, आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, पॅनवर आडनाव आधी. आणि 1 नोव्हेंबर 2014च्या आधीच्या कागदांवर बेलगाम, नंतरच्यावर बेळगावी. गावाच्या नावाचं कुणी अडवत नाही. तुमच्या नावाचं मात्र अडवतात, तेव्हा शेवटचं वर्ष संपायच्या आत ते सारखं करून घ्या.

मूळ कागद दाखवायचे, ठेवायला द्यायचे नाहीत. झेरॉक्स हव्या तेवढ्या द्या. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि मधे सोडलं तर किती भरायचं, हे सही करण्याआधी विचारा. विचारल्यानं कुणी नोकरी काढून घेत नाही. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याच्याशी बोलणं वाढवू नका. कंपनी माणूस घेताना माणसाकडून पैसे घेत नाही.

पहिल्या फेरीत नोकरी लागली नाही तर घरी बसून रिकामं वर्ष वाढवण्यापेक्षा अप्रेंटिसशिप घ्या. अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांना वर्षभराचं प्रशिक्षण मिळतं, विद्यावेतनासह. नॅट्सच्या (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या) पोर्टलवर नोंदणी करायची. महाराष्ट्रातल्या जागा मुंबईच्या मंडळाकडं आणि कर्नाटकातल्या चेन्नईच्या मंडळाकडं येतात, पण तुम्ही दोन्हीकडं अर्ज करू शकता. घरचे म्हणतील, 'इंजिनिअर होऊन अप्रेंटिस?' म्हणू द्यात. एक वर्ष इन्स्पेक्शनला काढलेला मुलगा आणि एक वर्ष क्लास लावलेला मुलगा समोर बसले तर मी कुणाला घेतो, हे सांगायला नको.

प्रवासाचं थोडक्यात. पुण्याची मुलाखत असेल तर रात्रीची बस पकडून सकाळी कात्रजला उतरून तसंच भोसरी-चाकणला जाण्याचा मोह होतो. पुण्यातलं सकाळचं ट्रॅफिक आणि न झोपलेला चेहरा, दोन्ही नडतात. आदल्या दिवशी जा. प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी आंबेगाव-धायरीकडं खोली करून असतंच. त्याला आधी फोन करा, जाताना थोडा कुंदा न्या, रात्रीची सोय होते.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं म्हणतात तेव्हा 'नो सर' म्हणू नका. मला आवडलेला एक प्रश्न सांगतो. एका मुलीनं विचारलं होतं, 'पहिल्या सहा महिन्यांत मी नेमकी कुठल्या मशीनवर किंवा कुठल्या लाइनवर असेन?' त्याच जोडीला शिफ्ट, राहायची सोय आणि पोस्टिंगचं ठिकाण विचारून घ्या. खूप कंपन्यांचे प्लांट तीन-चार राज्यांत असतात, आणि मुलाखत चाकणला होऊन जॉइनिंग होसूरला असं होतं. ऑफर लेटर आलं की त्यात ठिकाण छापलंय का ते बघा. नसेल तर एचआरला मेल टाकून लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत दुसरी मुलाखत रद्द करू नका.